तेविसावा कान

१

दर रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी घरून निघत असे. गिरणीच्या टाइम ऑफिसात मी हजेरी कारकून होतो. आठवड्याचे सहा दिवस भोंग्याआधी फाटकाशी बसायचं, आत जाणारं डोकं न् डोकं मोजायचं, आणि सातव्या दिवशी बिरप्पामामाला भेटायला जायचं. मामाला दात उरले नव्हते, म्हणून कस्तुरा, माझी बायको, भाकरी कुस्करून दुधात भिजवायची आणि पितळी डब्यात भरून द्यायची. वर शेंगाचटणीची पुडी.

मामा राहायचा ती जागा अक्कलकोट रस्त्याला, शेवटच्या घरांच्याही पुढे होती. पूर्वी तिथे कापसाची वखार होती. वखार बंद पडल्यावर काही व्यापाऱ्यांनी मिळून निराधार म्हाताऱ्यांसाठी तिथे आश्रम काढला. पाटीवर लांबलचक नाव होतं, पण गावातले लोक तिला म्हाताऱ्यांची वखारच म्हणत. आत एकच लांब दालन. जाड भिंती, वर पत्रा, आणि खिडक्या पार छताजवळ, कारण कापसाला उजेडाची गरज नसते. एकच दार, बैलगाडी आत जाईल एवढं रुंद. दोन्ही बाजूंना बाजांच्या रांगा. भर दुपारीसुद्धा आत गेलं की डोळे सरावायला वेळ लागे. इतकी वर्षं झाली तरी कोपऱ्याकोपऱ्यांत सरकीचा वास होता, आणि वारा सुटला की कापसाचे तंतू हवेत तरंगायचे.

मामाला मी तिथे ठेवलं होतं. हे सरळ सांगितलेलं बरं. बाप गेला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. म्हाळसा, माझी आई, मला घेऊन तिच्या भावाकडे, म्हणजे बिरप्पामामाकडे आली, आणि सांगोल्याकडच्या माळांवर मामाच्या मेंढरांमागे मी वाढलो. मला शाळेत घातलं तेही मामानंच. पुढे आई गेली, मेंढरं गेली आणि मग हळूहळू मामाचं डोकं रितं होत गेलं. मी त्याला सोलापुरात आमच्या दोन खोल्यांत आणलं. पण पहाटे उठून तो काठी घ्यायचा आणि गल्लीतल्या लोकांच्या शेळ्या हाकत निघायचा. एकदा तो स्टेशनच्या अलीकडे रुळांवर बसलेला सापडला, भोवती सात परक्या शेळ्या.

कस्तुरा म्हणाली, "मी दिवसभर दारात बसते, पर त्येंला परक्यात ठिवू नगा."

मी ऐकलं नाही.

वखारीत गेलो की मामा मला निरखून बघायचा आणि विचारायचा, "पाव्हणं कुटलं म्हनायचं?"

"तुमच्याच गावाकडलं," मी म्हणायचो. दोन वर्षांत त्यानं एकदाही माझं नाव घेतलं नव्हतं.

२

मामाजवळ एकच गोष्ट शिल्लक राहिली होती. मोजणं.

दिवेलागणीच्या आधी गोजरबाई पडवीत बसलेल्या सगळ्यांना आत घ्यायची. गोजरबाई म्हणजे तिथलं सगळं करणारी बाई; भाकऱ्या थापण्यापासून अंघोळी घालण्यापर्यंत. ती हाक मारू लागली की मामा उठायचा, दाराशी उभा राहायचा आणि काठी आडवी धरायचा. एकेक माणूस आलं की काठी उचलायची, आत सोडायचं, पुन्हा आडवी. संध्याकाळी मेंढरं जाळीत कोंडताना धनगर करतो तसंच. शेवटी काठी स्वतःच्या छातीला टेकवून स्वतःला धरायचा आणि एकूण सांगायचा: "एक ईस आन् दोन." वीस आणि दोन, बावीस. वखारीत तेवढीच माणसं होती.

एकोणीसशे तेहेतीस सालचा चैत्र होता. त्या रविवारी मी दाराशीच उभा होतो. शेवटी मामानं काठी छातीला टेकवली आणि म्हणाला, "एक ईस आन् तीन."

सवयीनं माझे ओठही हलत होते. माझे बावीस भरले होते.

"मामा, बावीस."

"त्येवीस."

"आरं, मी मोजलं की."

मामानं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "पाव्हणं, तुमी शिकल्यालं दिसताय."

गोजरबाई पदरानं तोंड पुसत हसली. "मंगळवारपासनं असंच चाललंय. म्हातारपण की. चालायचंच."

मीही हसलो. पण परतीच्या वाटेवर मला एक जुनी गोष्ट आठवली. भीमेच्या काठावर एकदा दोन कळप एकमेकांत मिसळले होते. साडेतीनशे-चारशे मेंढरं पाण्यावर तोंडं घालून उभी. मामा काठावर उकिडवा बसला, तंबाखू मळेपर्यंत बघत राहिला आणि म्हणाला, "आपली चार कमी हाईत, आन् नऊ परकी शिरल्यात." दुसऱ्या धनगरानं पैज लावली. मोजलं. चार आणि नऊ.

तो माणूस बावीस डोकी मोजायला चुकेल?

३

पुढच्या रविवारी मी मूठभर चिंचोके घेऊन गेलो. मामापुढे टाकले. त्यानं हातही लावला नाही.

"एक ईस आन् अकरा."

मोजले. एकतीस. रस्त्यावरून बाजाराच्या गाड्या चालल्या होत्या. बैल किती, विचारलं. बरोबर. तारेवर पक्षी किती. बरोबर. मग संध्याकाळ झाली, गोजरबाईनं हाका मारल्या, काठी वरखाली झाली, आणि मामा म्हणाला, "एक ईस आन् तीन."

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. कुतूहल वाटलं. हजेरीच्या माणसाला आकडा जुळला नाही की चैन पडत नाही, तसं काहीतरी. मी वखारीच्या व्यवस्थापकाकडे गेलो. चन्नप्पा त्याचं नाव. अक्कलकोटचा माणूस, घरी कानडी बोलणारा, जाड काचांचा चष्मा. मी सांगितलं तेव्हा तो डावा हात हलवत म्हणाला, "इल्ला, इल्ला! बावीस म्हणजे बावीस. वहीत नावं आहेत. तुमच्या गिरणीत एखादा जास्त भरला तर काय करता तुम्ही?"

"नावं पुकारतो."

"मग चला, पुकारू."

त्याला गंमत वाटत होती. वही उघडून तो दालनाच्या मधोमध उभा राहिला आणि एकेक नाव मोठ्यानं वाचू लागला. प्रत्येक नावाला कुठून तरी 'हाय' आलं. कुणाला गोजरबाईनं खांद्याला हलवून म्हणायला लावलं. मी दाराशी उभा राहून बोटांवर मोजत होतो. बाविसावं नाव तानाबाईचं होतं. "हाय की," ती म्हणाली. चन्नप्पानं वही मिटली आणि माझ्याकडे बघून हात पसरले.

तेव्हा एक बारीकशी गोष्ट झाली. वही मिटली तरी म्हातारी माणसं आडवी झाली नाहीत. ती बसून राहिली, पुढच्या नावाची वाट बघत असल्यासारखी. दिवसभर तापलेला पत्रा आता निवत होता आणि टक्, टक् असा वाजत होता. मग एकामागून एक, सात-आठ जणांच्या माना वळल्या. सगळ्यांच्या एकाच बाजूला. डाव्या रांगेच्या टोकाला हुसेनसाबची बाज होती. ती बाज आणि भिंत यांच्यामध्ये माणूस बसेल एवढी मोकळी जागा होती. सगळे तिकडे बघत होते. त्यांच्यातल्या काहींना चार हातांवरचं दिसत नव्हतं.

"जेवायला चला," गोजरबाई म्हणाली, आणि माना परत फिरल्या.

४

हुसेनसाब आंधळे होते. चाळीस वर्षं त्यांनी स्टेशन ते नवी पेठ टांगा चालवला होता. पुढच्या खेपेला मी मामाला भाकरी भरवून झाल्यावर त्यांच्या बाजेवर जाऊन बसलो. ते खूश झाले. कुणी बोलायला आलं की त्यांना आवडायचं. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "हुसेनसाब, तुमच्या शेजारी, इथं भिंतीकडं, कुणी असतं का?"

"हौ, बैठता जी कोई तो बी." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं.

"कोण?"

"नाम नै बोला. बात च नै करता. खाली सुनता." ते हसले. "लई अच्छा सुनता. मेरे बच्चे बी इत्ता नै सुने कभी."

"तुम्ही काय सांगता त्याला?"

"सब. शादी का दिन, बावा किधर के थे हमारे, घोड़ी का नाम... सब बोल दिया."

"काय नाव होतं घोडीचं?"

त्यांनी तोंड उघडलं. हसू तसंच राहिलं, पण नाव आलं नाही. पापण्या फडफडल्या. ते बाजेवर हात फिरवू लागले, वस्तू हरवलेला माणूस चाचपतो तसे.

"अब्बी तो था," ते म्हणाले. "यां च था."

"राहू द्या, आठवेल."

"उसकू पूछो ना," भिंतीकडे बोट दाखवून ते म्हणाले. "उसकू मालूम."

तिथे फरशी होती आणि भिंत होती. भिंतीला चुन्याचे पोपडे आले होते. म्हातारा माणूस आहे, विसरणारच, मी मनाशी म्हटलं. विसरतात म्हणून तर ही माणसं इथे आहेत. पण चाळीस वर्षं दिवसातून शंभर वेळा तोंडात असलेलं नाव? त्या संध्याकाळी घरी जाताना मी गावाकडच्या सगळ्यांची नावं मनात घोळवत गेलो. जोश्यांच्या मळ्यातल्या गड्याचं, शाळेतल्या मास्तरांचं, आमच्या तिन्ही कुत्र्यांची. सगळी होती. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची थोडी लाजही वाटली.

५

वैशाखातल्या एका रविवारी मी मामाला विचारलं, "मामा, जास्तीचं कंचं हाय त्ये दाव की मला."

आधी हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. मामाचे डोळे एकदम जागे झाले. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्याला काम सांगितलं होतं. त्यानं काठी माझ्या हातात दिली, धोतर खोचलं आणि उजव्या रांगेपासून सुरुवात केली. प्रत्येकाच्या बाजेपाशी थांबायचं, कान चिमटीत धरायचा, पाळीवरून अंगठा फिरवायचा आणि पुढे जायचं.

"आपलं," तो म्हणायचा. "ह्येबी आपलं."

धनगर आपल्या मेंढराच्या कानाला खाच पाडतो. प्रत्येकाची खाच निराळी. अंधार पडला तरी हाताला कळतं, आपलं कुठलं आणि परकं कुठलं. माणसांच्या कानांत मामाला काय लागत होतं कोण जाणे. पण कुणी हरकत घेतली नाही. तानाबाई गुदगुल्या झाल्यासारखी हसली. एक म्हातारा तर मामा येण्याआधीच मान कलती करून बसला होता.

डाव्या रांगेच्या शेवटी हुसेनसाब. "क्या बिरप्पाभाई, मेरा कान तो तुमारा च है," ते म्हणाले.

"आपलं," मामा म्हणाला. मग तो बाज ओलांडून भिंतीकडे सरकला. वाकला. हात पुढे केला, आणि खाली बसलेल्या माणसाचा कान जितका उंच असेल तितक्या उंचीवर, हवेत, त्याची चिमूट थांबली.

"ह्ये बग. खूण न्हाई ह्येला."

मी जवळ गेलो. मामाचा अंगठा आणि बोट यांच्यामध्ये फट होती. त्या फटीतून पलीकडची भिंत दिसत होती. कापसाचा एक तंतू तिथून हळूच वाहत गेला. मला वाटलं, म्हाताऱ्याची बोटं आखडली असतील, पुरती मिटत नसतील. मग मी आणखी वाकलो. बोटांची टोकं चपटी झाली होती. दाबल्यावर होतात तशी, नखाखाली पांढरी. हवा धरून बोटं अशी होत नाहीत.

आता मागे वळून बघताना वाटतं, तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण मला बघायचं होतं. मी माझी चिमूट मामाच्या चिमटीच्या खाली, तिथेच नेऊन हळूच मिटली.

ती मिटली नाही.

मऊ होतं. थोडं थंड, आणि कडेला गोलाई. कानाची पाळी कशी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. वर्णन करायची गरज नाही. मी हात काढला नाही. आणि मग, ज्याचा कान आपण धरला आहे त्यानं मान वळवून आपल्याकडे बघावं, तशी ती पाळी माझ्या बोटांमधून सरकत गेली.

मामानं माझं मनगट धरून मला मागे ओढलं. त्या हातात एवढा जोर उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"बोलू नगंस त्येच्याम्होरं," तो म्हणाला. "परकं मेंढरू आदी गुमान ऐकत ऱ्हातं. मंग त्येला आपली हाळी वळकू येती. मंग त्ये जात न्हाई."

"तू बोललास का रं मामा त्येच्याशी?"

मामानं बराच विचार केला. "आटवत न्हाय," तो म्हणाला.

६

त्याच घटकेला मी त्याला घरी न्यायचं ठरवलं. चन्नप्पा अक्कलकोटला गेला होता. मी गोजरबाईला सांगितलं, रस्त्यावरून जाणारा टांगा थांबवला आणि मामाला बसवलं. त्याची घोंगडीसुद्धा बाजेवरच राहिली.

कस्तुरानं दार उघडलं. टांग्यात मामाला बघून ती खाली आली. पुढे होऊन तिनं त्याचा हात धरला आणि जिन्यावरून एकेक पायरी वर आणलं. त्या रात्री चूल विझल्यावर ती एवढंच म्हणाली, "आदीच आनायचं हुतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा आमच्या उंबऱ्यात उभा राहिला. काठी आडवी धरली. कस्तुराला आत घेतलं, मला घेतलं, स्वतःला धरलं.

"तीन," तो म्हणाला.

मी भिंतीला पाठ टेकवून खाली बसलो.

ते सहा दिवस चांगले गेले. मामा मला ओळखत नव्हताच. "पाव्हणं अजून ऱ्हायल्यात व्हय?" असं तो कस्तुराला हळूच विचारायचा. पण एका संध्याकाळी मी त्याचे पाय चेपत होतो तेव्हा त्यानं हात लांबवून माझा कान धरला. अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"आपलं हाय ह्ये," तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.

७

रविवारी मी वखारीत गेलो तो वहीतून मामाचं नाव काढायला आणि घोंगडी आणायला. मामा घरी होता. निघताना मी त्याला स्वतः पाणी पाजलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे मीही त्याचा विचार अनेकदा केला आहे.

गोजरबाई पडवीत ज्वारी निवडत होती. माझ्या रिकाम्या हातांकडे बघून ती म्हणाली, "आज डबा न्हाई आनला? मामा सकाळपासनं वाट बघत्यात."

"मामा तर घरी आहे, गोजरबाई. मी नेलं नव्हतं का मागल्या रविवारी?"

"न्हेलं की. पर सांजच्याला परत आलं न्हवं ते. येकटंच चालत आलं. 'सिदूनं फाटकापतुर सोडलं' म्हनलं." ती सूप पाखडू लागली. "आन् लई सुधारल्यात बगा. समद्यास्नी नावानं हाका मारत्यात."

सिदू. मला सिदू म्हणणारी दोनच माणसं होती. एक मेली होती आणि दुसरी विसरली होती.

मी आत गेलो. डोळे सरावायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मामाच्या बाजेवर कुणीतरी दाराकडे पाठ करून बसलं होतं. डोक्यावरून घोंगडी. डावा गुडघा उभा, उजवा आडवा. मामा बसायचा तसंच. हुसेनसाबच्या बाजेपलीकडची जागा मी बघितली. तिथे फक्त भिंत होती.

"सिदू, आलास व्हय रं?"

मामाचाच आवाज. आजचा नाही, मी दहा वर्षांचा असतानाचा, माळावरून हाक मारली तर दोन शेतं ओलांडून येणारा. माझे पाय मागे जायला हवे होते, ते पुढे गेले. दोन वर्षं मी दर रविवारी या एका शब्दासाठी इथे येत होतो, ते मला तेव्हा समजलं.

मी बाजेच्या कडेवर बसलो. तोंडाकडे बघितलं नाही. माझ्या मनातला हजेरी कारकून मात्र जागा होता. त्यानं प्रश्न विचारला.

"आई तापानं आजारी पडली तवा आपला तळ कुटं हुता?"

"कासेगावच्या माळावर. तू तिची आंबील सांडलीस आन् मी तुला काठीनं मारलं. ल्हान हुतास. मला अजून वाईट वाटतं त्येचं."

मामानं हे मला कधी सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी आणखी विचारलं. सगळं बरोबर आलं, किंवा मला माहीत असलेल्याहून अधिक आलं. वेळ किती गेला कळलं नाही. वर पत्रा टक् टक् करू लागला होता.

मग त्यानं मला विचारलं.

"म्हाळसा तुला जेवाय हाक मारायची ती कशी रं? समदं हाय माज्यापाशी. तेवडंच गावत न्हाय."

बोलू नगंस त्येच्याम्होरं, असं मामा म्हणाला होता. ते मला आठवत होतं. पण तो माझ्या आईबद्दल विचारत होता, आणि कित्येक वर्षांत तिच्याबद्दल मला कुणीच काही विचारलं नव्हतं. मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, तोंडाशी हात धरून ती मारायची तशी हाक मारून दाखवली. नाव कसं लांबवायची, शेवटी आवाज कसा वर न्यायची. ती कशी उभी राहायची तेही सांगितलं. पदर कुठे खोचायची, उन्हामुळे एक डोळा कसा बारीक करायची. दालनातली सगळी म्हातारी माणसं आमच्याकडे वळून ऐकत होती.

"व्हय," तो समाधानानं म्हणाला. "आस्सं."

आणि त्यानं मान माझ्याकडे जराशी फिरवली. घोंगडी एका बाजूनं घसरली. मला मान दिसली. मामाचीच, उन्हानं रापलेली, आडव्या सुरकुत्यांची. आणि त्या मानेच्या वर कान दिसला. मामाच्या कानाला बाळीचं मोठं ओघळलेलं भोक होतं. या कानाला नव्हतं. एकही सुरकुती नाही, एकही केस नाही. आठ दिवसांच्या लेकराचा असतो तसा गुलाबी, ओलसर, नवा कान.

मी उठलो.

"घरला कदी न्हेनार मला?" मागून आवाज आला.

"पुढल्या रविवारी," मी म्हणालो, आणि बाहेर उजेडात येईपर्यंत धावलो नाही एवढंच.

८

घरी आलो तेव्हा मामा उंबऱ्यात बसला होता. मी त्याच्या दोन्ही कानांना हात लावून बघितला. भोकं होती. तो हसला.

जेवायला बसताना कस्तुरानं हाक मारली आणि मला आईची हाक आठवावीशी वाटली. आठवेना. मघाशीच तर मारून दाखवली होती. मग मी तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणू लागलो. लुगडं आलं, हात आले, हातातली परात आली. खांद्यांच्या वर काही नव्हतं. मी ताटावरून उठलो.

"काय झालं?" कस्तुरा म्हणाली.

"माझी आई कशी दिसायची, तुला कुणी सांगितलंय?"

"मी कुटं बगितलंय त्यास्नी? तुमीच सांगा की."

आईचा फोटो कधी काढलेला नव्हता. गावाकडच्या ज्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांनी तिला पाहिलं होतं, त्यांच्याकडे मी पुढच्या महिन्यात जाऊन आलो. 'चांगली होती बिचारी,' असं ते म्हणाले. मामाला विचारलं तर तो म्हणाला, "कंची म्हाळसा?"

मामा श्रावणात गेला. शांतपणे, आमच्याच घरात, कस्तुराच्या मांडीवर डोकं ठेवून. मला त्यानं शेवटपर्यंत ओळखलं नाही. वखारीकडे मी पुन्हा फिरकलो नव्हतो. चन्नप्पाला पत्र टाकून मामा गेल्याचं कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. रविवारी मी दुसरीकडे कुठेतरी फिरायला जायचो, आणि पाय अक्कलकोट रस्त्याला लागले की वळायचो.

दिवाळीच्या आधी नवी पेठेत कापडाच्या दुकानापुढे गोजरबाई भेटली. हातात पिशवी, घाईत होती. मला बघून थांबली.

"काय वो हे वागणं? म्हाताऱ्या मानसाला आसं टाकत्यात व्हय? सा म्हैनं झालं, तोंड दावलं न्हाई तुमी."

"गोजरबाई, मामा वारला. श्रावणात. मी स्वतः त्याला माती दिली."

मग तिला माझी दया आली असावी. चुकलेल्या पोराशी बोलावं तशी ती हलक्या आवाजात बोलली. "आसं वंगाळ बोलू नये. ते चांगलं हाईत. रोज सांजच्याला समद्यास्नी जवळ बसवून तुमच्या आईच्या गोष्टी सांगत्यात. कशी दिसायची, कशी हसायची, तुमाला हाक कशी मारायची, ती हाकबी मारून दावत्यात. आंगावर काटा येतो बगा, आस्सल बाईचा आवाज. आमी समदी ऐकत बसताव."

भोवती गर्दी होती. दुकानदार गिऱ्हाइकापुढे लुगडं उलगडून दाखवत होता. मी विचारलं, "कशी दिसायची म्हणतो?"

"त्ये मी काय सांगू? तुमीच येऊन ऐका की येकडाव." ती पिशवी सावरून निघाली.

ती चार पावलं गेली असेल. मी तिला हाक मारली.

"गोजरबाई, किती वाजता सांगतो तो?"